लालबाग-परळचं ट्रस्टचं डायलिसिस सेंटर: जिथे पेशंटने प्रश्न विचारलेला चालतो

लालबाग आणि परळच्या मधल्या गल्लीत, ट्रस्टच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर हे सेंटर आहे. मी तिथे सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळच्या शिफ्टला डायलिसिसला, म्हणजे मशीनने रक्त साफ करून घ्यायला जाते. डायबेटीस आणि बीपी दोन्ही बरीच वर्षं होते, त्यातूनच किडन्या गेल्या. घरचा व्यवसाय पोळीभाजी केंद्राचा. आता तव्यावर दोघी बायका असतात आणि मी गल्ल्यावर बसते.

सेंटरचं नाव लिहीत नाही. इन्चार्ज सिस्टरना आधी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ताई, आमचं वेटिंग आधीच मोठं आहे, नाव नका टाकू. पण आम्ही काय काय करतो ते लिहा, म्हणजे लोक आपापल्या सेंटरमध्ये तेच मागतील." म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

दारातून आत गेलं की उजव्या हाताला बेसिन आहे. चप्पल काढायची, काट्यावर वजन करायचं आणि ज्या हातात फिस्टुला (सुया घेण्यासाठी ऑपरेशनने तयार केलेली जाड शीर) आहे तो हात कोपराच्या वरपर्यंत साबणाने धुवायचा. धुतल्याशिवाय खुर्चीवर बसू देत नाहीत, मग तुम्ही कितीही वर्षांचे जुने पेशंट असा. मी आधी ज्या ठिकाणी जात होते तिथे पेशंटने हात धुवायचा असतो हे मला कोणी सांगितलंही नव्हतं. वास्तविक कातडीवरचे जंतू सुईबरोबर थेट रक्तात जाण्याचा धोका आमच्यासारख्यांना सगळ्यात जास्त. दर वेळी दोन जाड सुया, आठवड्यातून तीनदा, वर्षभर.

हात धुतल्यावर सिस्टर औषधाने पुसतात आणि थांबतात. हे थांबणं मी मुद्दाम सांगते आहे, कारण बहुतेक ठिकाणी पुसलं की लगेच सुई जाते. क्लोरहेक्झिडिन असेल तर अर्धा मिनिट चोळून वाळू द्यायचं, तपकिरी बीटाडीन असेल तर दोन-तीन मिनिटं. ओल्या कातडीवर औषधाचं काम पुरं झालेलं नसतं. आमच्या सिस्टर वाळेपर्यंत बोलत राहतात, काल काय खाल्लं विचारतात, पण सुई उचलत नाहीत. आणि फुंकर कोणी मारत नाही. ही फुंकर मारायची सवय मी शिकलेल्या लोकांमध्येही पाहिली आहे.

त्यांच्या स्वतःच्या हातांचं सांगायचं तर, दोन पेशंटच्या मध्ये ग्लव्हज बदलतात आणि ग्लव्हज काढल्यावर परत हात चोळतात. सॅनिटायझर असेल तर वीस-तीस सेकंद, साबणपाणी असेल तर चाळीस-साठ सेकंद. भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेचं हात धुण्याच्या पाच वेळांचं चित्र लावलेलं आहे: पेशंटला हात लावण्याआधी, सुई किंवा ड्रेसिंगच्या आधी, रक्ताशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. चित्र सगळीकडे असतं. शेवटची वेळ मात्र सगळीकडे विसरली जाते, कारण मशीनच्या बटणाला हात लावला तर त्यात काय, असं वाटतं. त्या बटणांवर दिवसभर किती जणांचे हात पडतात! हेपॅटायटीस बीचा विषाणू तर बाहेर सुकलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस जिवंत राहतो, आणि तो डाग डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून इथे प्रत्येक शिफ्टनंतर मशीनचं पॅनल, खुर्चीचे हात, टेबल सगळं पुसलं जातं. मावशी पुसतात आणि सिस्टर वहीवर सही करतात. खाण्याच्या धंद्यात राहिल्यामुळे असेल, माझं लक्ष आधी अशा ठिकाणीच जातं.

आता मला ज्या कारणासाठी हे सेंटर आवडतं ते.

एक नवा टेक्निशियन मुलगा लागला होता. कामाला चांगला, बोलायला गोड. एकदा ग्लव्हज घातलेले असताना त्याचा मोबाईल वाजला. त्याने खिशातून काढून बंद केला आणि तसाच माझ्या शेजारच्या काकांची लाइन जोडायला वळला. काका गिरणीतले जुने कामगार. ते म्हणाले, "बाळा, ग्लव्हज बदल." मुलगा जरा गोरामोरा झाला, पण त्याने बदलले. इन्चार्ज सिस्टर पलीकडच्या खुर्चीपाशी होत्या. त्या आल्या आणि सगळ्यांसमोर काकांना म्हणाल्या, "थँक्यू काका, असंच सांगत जा." मुलाला बाजूला नेऊन काय समजवायचं ते नंतर समजावलं, आमच्यासमोर पाणउतारा केला नाही. त्या दिवसापासून हॉलमधल्या सगळ्या पेशंटना कळलं की इथे बोललेलं चालतं.

आधीच्या जागी मी एकदा विचारलं होतं, "हे कुठलं इंजेक्शन?" उत्तर आलं, "डॉक्टरांनी लिहिलंय ते." दुसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही. तिथे माझ्या मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी होती, फिस्टुला तयार व्हायचा होता. कॅथेटर उघडताना आणि बंद करताना सिस्टर आणि पेशंट दोघांच्या तोंडाला मास्क पाहिजे, कारण त्या नळीचं टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. मला तिथे मास्क कधी दिलाच नाही. मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला की हुडहुडी भरायची आणि ताप चढायचा. "एसीमुळे होतं" म्हणून ब्लँकेट घालायचे. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी सिस्टरनी हे ऐकलं आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला, रक्तात जंतू आहेत का ते बघायला कल्चर पाठवलं, कॅथेटर बदलावा लागला. डायलिसिस सुरू झाल्यावर थंडी वाजून ताप येणं म्हणजे कॅथेटरमध्ये इन्फेक्शन आहे असं धरूनच चालायचं, हे मला तेव्हा समजलं. ज्यांच्या घरी कोणाच्या मानेत कॅथेटर आहे त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. आणि ते ड्रेसिंग भिजू द्यायचं नाही, डोक्यावरून आंघोळ बंद.

फिस्टुलाबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे. आमचा सगळा जीव त्या एका हातात असतो.

हातातली एक धमनी आणि एक शीर ऑपरेशन करून जोडतात. मग शिरेतून जोराने रक्त वाहायला लागतं, ती फुगते, जाड होते आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सुई घेण्याजोगी होते. 1966 पासून जगभर हीच पद्धत चालत आली आहे. माझा डाव्या हातात आहे. त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, त्या हातातून रक्त काढायचं नाही, सलाइन लावायचं नाही, तो हात उशाखाली घेऊन झोपायचं नाही, घट्ट घड्याळ नाही, घट्ट बाही नाही, जड उचलायचं नाही. हे सगळं सिस्टरनी एका दमात न सांगता रोज एकेक करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला उलट विचारायच्या. "काल काय सांगितलं होतं, सांगा बघू."

अडचण आली ती बांगड्यांची. सासूबाईंना मी डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढल्या हे पटेना. नवरा घरात असताना बाईचा एक हात रिकामा, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. मी कितीही सांगितलं तरी त्यांना ते औषधाचं निमित्त वाटायचं. हे सिस्टरच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एकदा आजींना घेऊन या." इन्चार्ज सिस्टर वसईच्या, पहाटेच्या गाडीने येतात. त्यांनी आजींना खुर्ची दिली, माझा हात पुढे केला आणि आजींची बोटं फिस्टुलावर ठेवली. आत जी थरथर लागते ती आजींना लागली. "आजी, हे चालू आहे तोवर तुमची सून चालू आहे. बांगडी रुतली आणि हे थांबलं तर परत ऑपरेशन." आजी काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनीच उजव्या हातात जास्तीच्या बांगड्या भरायला सांगितल्या. आता रोज सकाळी त्याच माझा हात धरून थरथर बघतात. मी झोपेत असले तरी.

ही थरथर सकाळ-संध्याकाळ बोटांनी बघायची असते. लागली नाही, किंवा कमी लागली, तर "उद्या डायलिसिसला जाणारच आहे, तेव्हा दाखवू" म्हणायचं नाही. त्याच दिवशी जायचं, कारण गुठळी ताजी असेपर्यंतच फिस्टुला वाचवता येतो. लालसर झाला, गरम लागला, पू दिसला, तरी तसंच.

सुया दर वेळी थोड्या वर-खाली लावतात. काही पेशंट हट्ट धरतात की रोजच्याच भोकात लावा, तिथे दुखत नाही. दुखत नाही हे खरं, पण एकाच जागी लावून लावून शिरेची भिंत पातळ होते आणि तिथे फुगा येतो. आमच्या शिफ्टमध्ये एका आजोबांच्या हातावर असा मोठा फुगा आहे, ते दुसऱ्या गावाहून तसे आलेले. त्यांच्याकडे बघून बाकीचे हट्ट सोडतात.

आणि ब्लँकेट. हॉलमध्ये एसीची थंडी फार असते आणि झोप लागली की माणूस पांघरूण हातावर ओढून घेतो. सिस्टर फेरी मारताना न बोलता पांघरूण हातावरून बाजूला करतात. मला पहिल्यांदा रागच आला होता. कारण विचारलं तर म्हणाल्या, रक्त परत जाणारी सुई निसटली तर मशीन दर वेळी अलार्म देईलच याची खात्री नाही, आणि मशीन मिनिटाला दोनशे-तीनशे मिली रक्त फिरवत असतं. पांघरुणाखाली कोणाच्या लक्षात यायच्या आत माणूस जाऊ शकतो. त्या दिवसापासून मी हात उघडा ठेवते आणि शेजारच्या बाईचाही बघते.

औषधांच्या बाबतीत मी एवढंच सांगेन की हेपारिन, म्हणजे मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध, इथे खुर्चीपाशी भरत नाहीत. वेगळ्या टेबलावर भरून, सिरिंजवर नाव लिहून आणतात. हेपारिनच्या पाच मिलीच्या दोन बाटल्या बाजारात मिळतात, एकीत मिलीला 1,000 युनिट आणि दुसरीत 5,000. दिसायला जवळजवळ सारख्या. अदलाबदल झाली तर पाचपट औषध जाणार. इथे हॉलमध्ये एकाच ताकदीची बाटली ठेवतात, दुसरी आणतच नाहीत. ही साधी युक्ती मला फार पटली. माणसाच्या लक्षात राहण्यावर सगळं सोडलेलं नाही.

डायलायझर म्हणजे ती नळकांड्यासारखी गाळणी. ती धुऊन त्याच पेशंटला परत वापरतात, खर्च कमी व्हावा म्हणून. त्यात गैर काही नाही, मात्र ती त्याच पेशंटची असली पाहिजे आणि आतलं जंतुनाशक पूर्ण धुतलेलं असलं पाहिजे. आमच्या शिफ्टला एकाच आडनावाच्या दोघी आहेत. दोघींच्या डायलायझरवर लाल पट्टी लावलेली आहे, आणि जोडण्याआधी सिस्टर नाव वाचत नाहीत, आम्हाला वाचायला सांगतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी टेक्निशियन आणि सिस्टर दोघं मिळून तपासतात. जंतुनाशक उरलंय का ते कागदी पट्टी बुडवून दाखवतात. हेपॅटायटीस बी असलेल्या पेशंटचं मशीन वेगळ्या खोलीत, स्टाफही त्या शिफ्टपुरता वेगळा, आणि त्यांचा डायलायझर परत वापरत नाहीत.

ही खोली काचेची आहे आणि तिथे जे काका बसतात त्यांना सुरुवातीला फार वाईट वाटायचं, वाळीत टाकल्यासारखं. सिस्टरनी त्यांच्या मुलाला आणि आम्हालाही सांगितलं की एकत्र बसल्याने, जेवल्याने, हात मिळवल्याने बी होत नाही, तो रक्तातून होतो. आता आम्ही येता-जाता काचेतून त्यांच्याशी बोलतो. लस आम्हा सगळ्यांना दिलेली आहे. डायलिसिसच्या पेशंटना दुप्पट डोस लागतो, शून्य, एक, दोन आणि सहा महिन्यांनी, आणि मग रक्तात ताकद तयार झाली का ते तपासायचं, आकडा 10 च्या वर पाहिजे. माझा पहिल्या वेळी आला नाही, परत द्यावे लागले. जिथे लस देऊन कोणी आकडा तपासत नाही, तिथे आपणच विचारलं पाहिजे.

पाण्याबद्दल मला काही माहीत नव्हतं. एका शिफ्टला साधारण 120 लिटर पाणी प्रत्येक पेशंटमागे लागतं, आणि एका पातळ पडद्यापलीकडे आपलं रक्त असतं. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी भांडुपला शुद्ध होऊन येतं, त्यात क्लोरीन असतं, ते प्यायला उत्तमच. पण डायलिसिसला क्लोरीन चालत नाही, रक्ताच्या तांबड्या पेशी फुटतात. त्यामुळे आधी कार्बनच्या टाकीतून, मग आरओमधून पाणी जातं, आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आधी क्लोरीनची तपासणी होते. ती वही बाहेर लटकवलेली आहे. कोणीही बघावी. मी बघते. लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या आत असेल तरच मशीन चालू होतात. दोनदा आम्हाला तासभर थांबवलं होतं याच कारणाने, काही नातेवाईक चिडले, पण मला त्या उशिराचा विश्वासच वाटला.

आता खाण्याचं. यात मला स्वतःला रस आहे, आणि सेंटरची थोडी उणीवही आहे.

डाएटचा छापील कागद इंग्रजीत आहे. त्यात ब्रोकोली आणि किवी. आमच्या शिफ्टला कोण किवी खातं? डाएटिशियन बाई आठवड्यातून एकदाच येतात, त्याही सोमवार-बुधवारवाल्यांच्या वाट्याला येत नाहीत. ही उणीव सिस्टर आपल्या परीने भरून काढतात. पाठकोऱ्या कागदावर मराठीत लिहून देतात आणि घरात काय शिजतं ते आधी विचारतात. मी ट्रस्टच्या ऑफिसात लेखी दिलं आहे की कागद मराठीत आणि हिंदीत छापा, आमच्या जेवणाप्रमाणे. अजून झालेलं नाही.

सिस्टरनी मला जे शिकवलं ते मी केंद्रावरच्या माझ्या वेगळ्या डब्यात वापरते. भाजी सोलून बारीक चिरायची, कोमट पाण्यात दोन तास ठेवायची, ते पाणी फेकायचं, मग भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी फेकायचं आणि शेवटी फोडणीला टाकायची. आम्हाला घातक असलेलं पोटॅशियम सगळं जात नाही, पण बरंच उतरतं. चव जाते, म्हणून मी फोडणीत लसूण आणि जिरं वाढवते. मीठ नाही. आणि "हेल्दी" म्हणून विकतात ते कमी सोडियमचं मीठ तर अजिबात नाही, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. बीपीवाल्या माणसाने कौतुकाने हे मीठ आपल्या घरच्या किडनी पेशंटला द्यावं, हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे.

नारळपाणी हा दुसरा प्रकार. हॉस्पिटलच्या दारात शहाळेवाला उभा असतो आणि भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. आमच्यासाठी त्यात इतकं पोटॅशियम असतं की हृदयाचे ठोके चुकू शकतात. तिसरं म्हणजे कमरख, शाळेबाहेर गाडीवर तिखटमीठ लावून मिळते ती चांदणीच्या आकाराची आंबट फोड. किडनी गेलेल्या माणसाला ती विष आहे, मेंदूवर परिणाम होतो, न थांबणारी उचकी लागते, फिट येते. एक फळ पुरतं. हे मला सिस्टरनी सांगेपर्यंत कुठल्याच डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात मोठा घोळ उपवासाचा. आषाढी एकादशी जवळ आली की सिस्टर एकेकाला विचारत फिरतात, "उपवास करणार का?" बटाटा, रताळं, खजूर, केळं, शेंगदाणे, राजगिरा: उपवासाच्या ताटात आम्हाला वर्ज्य असलेलंच सगळं असतं. त्या कोणाला उपवास करू नका म्हणत नाहीत. वरीचा भात थोडासा खा, बटाट्याशिवाय, दाण्याच्या आमटीशिवाय, आणि औषधं सोडू नका, इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारा, असं सांगतात. पंढरीच्या वारीला जाऊन आलेली माणसं आमच्यात आहेत. त्यांना नुसतं "उपवास बंद" सांगितलं असतं तर त्यांनी तो लपून केला असता.

आणि उलट बाजूची गोष्टही तेवढीच महत्त्वाची. किडनी पेशंटने डाळ, अंडी बंद करायची हे लोकांच्या डोक्यात बसलेलं असतं. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी प्रोटीन कमी ठेवतात हे बरोबर. सुरू झाल्यावर मात्र प्रोटीन मशीनमधून थोडं वाहून जातं आणि जास्त खावं लागतं. अंड्याचा पांढरा भाग, मासे, कोंबडी बेताची. शेजारच्या बाईला घरचे वर्षभर पेजेवर ठेवत होते. तिची सून सिस्टरशी बोलल्यावर अंडी सुरू झाली.

पाणी हा रोजचा झगडा. दिवसाला जेवढी लघवी होते तेवढं, आणि वर अर्धा लिटर, यात चहा, आमटी, ताक सगळं आलं. इथे वजन जास्त वाढून आलं, म्हणजे अंगात पाणी साठलं, तर रागावत नाहीत, पण काय झालं ते विचारतात, आणि बहुतेक वेळा कारण लोणचं-पापड-फरसाण निघतं, कारण मीठ पोटात गेलं की तहान आवरत नाही. मशीनने एकदम जास्त पाणी काढायचा हट्ट मान्य करत नाहीत. वजनाच्या दर किलोमागे ताशी साधारण 13 मिलीच्या वर गेलं की हृदयाला ताण पडतो, म्हणून अर्धा तास जास्त बसवतात. आणि "गाडी चुकेल, अर्धा तास आधी काढा" म्हणणाऱ्याला सिस्टर स्वतः खुर्ची ओढून समजावतात. काढतात मात्र क्वचितच.

पायात गोळे यायला लागले, जांभयांवर जांभया आल्या, घाम फुटला, तर बीपी पडतंय, लगेच सांगायचं. सहन करून बसणाऱ्या बायका इथे खूप. त्यांना उगाच त्रास द्यायला नको वाटतं. सिस्टरनी प्रत्येकीच्या हाताशी बेल दिली आहे.

पावसाळ्यातलं काम मला खास नोंदवायचं आहे. हिंदमाता चौकात पाणी तुंबलं की आमच्या भागात येणंच बंद होतं. मोठी भरती आणि जोराच्या पावसाचा इशारा एकत्र आला की सेंटरमधून आदल्या संध्याकाळी फोन येतो: उद्याचे पेशंट आज रात्री या, किंवा पहाटे या. लांबून, मुंब्रा-कल्याणहून येणाऱ्यांना आधी घेतात. चुकलंच तर घरी काय खायचं, पाणी किती, आणि दम लागला किंवा हातपाय एकदम लुळे वाटले तर केईएम हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला कसं जायचं, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं आहे. शुक्रवार ते सोमवारची मोठी सुट्टीसुद्धा धोक्याचीच, आणि रविवारी घरात मटण-मासळीचा बेत. शनिवारी कधी कधी सिस्टरचा मेसेज येतो, रस्सा जपून.

परतीच्या प्रवासाचंही शिकवलं आहे. सुई काढल्यावर दहा मिनिटं दाबून धरायचं, मध्येच उघडून बघायचं नाही. गाडीत रक्त आलं तर रुमाल गुंडाळत बसायचं नाही, बोटाने नेमकं त्याच जागी घट्ट दाबायचं आणि हात वर करायचा. आणि लोकलमध्ये कडी दुसऱ्या हाताने धरायची.

उणिवा अजून आहेत. लिफ्ट छोटी आहे, व्हीलचेअर शिरली तर सोबतचा माणूस जिन्याने येतो. नातेवाईकांना बसायला कॉरिडॉरमध्ये एकच बाक, टॉयलेट खालच्या मजल्यावर. रात्रीच्या शिफ्टला स्टाफ कमी असतो, आणि ज्यांना नुकतंच सुरू झालंय त्यांनी ती शिफ्ट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिकून तयार झालेली मुलं मोठ्या हॉस्पिटलमध्ये किंवा आखातात जातात, मग परत नवीन. त्यांना दोष देत नाही, पगारच तसे आहेत. पण ट्रस्टने इथे हात सैल सोडायला हवा. टाइल्स आणि देणगीदारांच्या पाट्यांपेक्षा अनुभवी सिस्टर टिकल्या तर आमचं जास्त भलं होईल.

पैशाचं म्हणाल तर माझं एका वेळचं बिल हजाराच्या आत बसतं, रक्तवाढीचं इंजेक्शन वेगळं. ते इंजेक्शन बाहेरून आणणार असाल तर बर्फाच्या पिशवीत आणा, पण बर्फाला चिकटून गोठू देऊ नका आणि हलवू नका. गोठलेलं सिस्टर टोचणार नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तळमजल्यावरच्या खिडकीत होते, रेशनकार्ड आणि आधार लागतं.

नव्याने नाव नोंदवायला जाणार असाल तर सकाळी अकरानंतर जा. त्याआधी सगळे पहिल्या शिफ्टच्या सुया काढण्यात असतात आणि तुमच्याशी नीट बोलता येणार नाही. हेपॅटायटीस बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट ताजे लागतात, जुने चालत नाहीत, आणि ते आल्याशिवाय मशीन देत नाहीत. बाहेर कोणी "ओळख आहे, लगेच लावून देतो" म्हणालं तर ऐकू नका. आधीच्या सेंटरचा चार्ट, ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन), लशीची तारीख आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. सोबत घरातलं असं माणूस न्या जे रोज तुमचा स्वयंपाक करतं. पहिल्या दिवशी सिस्टर त्याच्याशीच जास्त वेळ बोलतील.